दागिना न मोडता

“अण्णा, देव जगात आहे की जगाबाहेर?”

दर गुरुवारी आमच्या घरी ज्ञानेश्वरी वाचतात, त्यामुळे हा प्रश्न मला कुठेही गाठतो. जिन्यात, प्रसाद वाटताना, एकदा तर लग्नाच्या पंगतीत. पंगतीत मी “आत्ता जिलबीत आहे” म्हणून सुटलो. तुम्ही मात्र मुद्दाम थांबून विचारलंत, म्हणून नीट सांगतो. पंडिताचं उत्तर माझ्याकडे नाही. जन्म सराफीत गेला, तेव्हा तिथलंच सांगेन.

आमच्या धंद्यातला दाखला वेदान्तवाल्यांनी फार जुन्या काळी उचललाय. छांदोग्य उपनिषदात उद्दालक श्वेतकेतूला तीन दृष्टान्त देतो: मातीचा गोळा, सोन्याचा तुकडा आणि नखं काढायची नराणी. (नराणी बिचारी मागे पडली, सोन्याला भाव आला.) एक सोनं कळलं की सोन्याचं सगळं कळलं, दागिना हे नुसतं नाव. शंकराचार्यांची परंपरा हाच धागा ताणून म्हणते की खरं ते ब्रह्म, नामरूपाचं जग व्यवहारापुरतं खरं.

जुन्या दागिन्याची मोड घेताना सराफ हेच करतो, नाव-रूप सोडून नुसतं सोनं बघतो. लहानपणी दुकानात पाहिलेली एक बाई आठवते. घरात आजारपण होतं, पाटल्या मोडायला आली होती. वडिलांनी कसोटीवर रेघ ओढली, वजन केलं, घट धरली, आकडा सांगितला. बाई म्हणाली, “देण्याआधी एकदा घालून बघू?” घातल्या. हात उजेडात धरून दोन्हीकडून फिरवला. मग साबण मागितला, कारण आता त्या निघेनात. वडील काही न बोलता आतून साबण घेऊन आले. संध्याकाळी पाटल्या मुशीत गेल्या.

वडिलांच्या वहीत तोळे-मासे होते. त्यांचं चुकलं नव्हतं. पण बाईच्या हातात होतं ते खोटं होतं, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

म्हणून मी ज्ञानदेवांपाशी थांबतो. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, नेवाशात सांगितलेल्या ज्ञानेश्वरीच्या चौदाव्या अध्यायात देव अर्जुनाला विचारतो की सोन्याचा अलंकार झाला म्हणून त्याचं सोनेपण गेलं का? माणकाच्या तेजानं माणिकच झाकलं जातं का? आणि मग सांगतो, “म्हणोनि जग परौतें । सारूनि पाहिजे मातें” असा मी नाही, आघवं मीच आहे. परौतें म्हणजे पलीकडे. जग बाजूला सारून मला बघायला जाऊ नका. आमच्या भाषेत सांगायचं तर सोनं बघायला दागिना मोडावा लागत नाही. अमृतानुभव या आपल्या दुसऱ्या ग्रंथात तर ज्ञानदेव अज्ञानाचीच उलटतपासणी घेतात आणि जगाला त्या एका वस्तूची प्रभा ठरवतात. जाणकार याला चिद्विलास म्हणतात, म्हणजे चैतन्याचाच खेळ.

आता दाखल्यातली खोट. सोनं आपण होऊन पाटली होत नाही, त्याला सोनार लागतो, आणि सोनार सोन्याबाहेर बसतो. उडुपीचे मध्वाचार्य नेमकं इथंच बोट ठेवतील: देव वेगळा, जीव वेगळा, जड वेगळं, आणि हा भेद खराच. हेच द्वैत. आपल्याकडे चक्रधरस्वामींच्या महानुभाव पंथातही जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ वेगळे आणि अनादि. रामानुजांनी मधली वाट काढली: जग हे देवाचं शरीर. आणि सोनाराच्या अडचणीवर मुंडकोपनिषदात कोळी आहे. तो सूत पोटातून काढतो, जाळं स्वतःच विणतो आणि परत गिळतो. सोनारही तोच, सोनंही तोच.

गुरुवारी एकानं विचारलं होतं, “मग माझ्या पोराच्या आजारातही तोच का?” मी गप्प बसलो. ‘होय’ म्हणणं क्रूर होतं, ‘नाही’ म्हणणं मला पटत नव्हतं. अशा वेळी द्वैतवाल्यांचा हेवा वाटतो. त्यांना हात जोडायला समोर कुणीतरी असतं. सगळं एकच असेल तर कुणी कुणापुढे रडायचं?

हे ज्ञानदेवांनाही दिसलं असावं, कारण अमृतानुभवाच्या नवव्या प्रकरणात ते म्हणतात की एकच डोंगर कोरून देव, देऊळ आणि देवाचा परिवार करता येतो, तसा भक्तीचा व्यवहार का होऊ नये?

ही ओवी डोक्यात घेऊन मी वेरूळला गेलो. सोळा नंबरचं लेणं, कैलास, राष्ट्रकूटांच्या वेळचं, वरून खाली कोरत आणलेलं. जोत्याला ओळीनं हत्ती आहेत, देवळाचा भार त्यांनीच पेलल्यासारखे. दागिना हातात आला की आधी उलटा करून डाग, म्हणजे सांधा जोडणारी झाळ, कुठे दिलाय ते बघायची माझी सवय. तशीच नजर हत्तीच्या पाठीवर गेली. पाठ कुठे संपते आणि देऊळ कुठे सुरू होतं ते शोधत मी बराच वेळ वाकून उभा होतो. सांधा सापडला नाही. हत्ती मात्र जोर लावूनच उभे होते.