शोन आणि डिलन

सोमवार, रात्री

आज जेवताना लेकीशी एका पुस्तकाविषयी बोलत होते आणि आम्ही दोघी एकाच पुस्तकाविषयी बोलत आहोत, हे कळायला चांगली पाच मिनिटे गेली. मी शोन नावाच्या मुलाची गोष्ट सांगत होते, तर ती डिलन नावाच्या मुलाची. दोघेही चौदा वर्षांचे, दोघांच्याही आईचे नाव रोवेना, दोघेही वायव्य वेल्समधल्या नेबो गावाच्या वर, टेकडीवरच्या एकाकी घरात राहणारे. दोघांच्याही जगातली वीज 2018 साली कायमची गेलेली, आणि दोघांच्याही घरी एक निळी वही, जिच्यात आई आणि मुलगा आळीपाळीने लिहितात. शेवटी लेकच म्हणाली, "आई, अगं, हा तोच आहे!"

पुस्तक मानोन स्तेफान रोस या वेल्श लेखिकेचे, 'ल्हिव्र ग्लास नेबो', शब्दशः नेबोचे निळे पुस्तक. मी ते मूळ वेल्शमध्ये, शब्दकोश मांडीवर घेऊन, रोज दोन पाने या गतीने वाचते आहे. लेकीने त्याचा इंग्रजी अवतार दोन संध्याकाळींत संपवला. तो अनुवाद स्वतः लेखिकेचाच आहे, आणि त्यात तिने शोनचा डिलन केला आहे आणि त्याच्या धाकट्या बहिणीचे, द्विन्वेनचे, मोना. दुसऱ्या कोणा अनुवादकाने नायकाचे नाव असे बदलले असते, तर आपण त्याला फैलावर घेतले असते. इथे तक्रार तरी कोणाकडे करायची?

द्विन्वेन ही वेल्समधल्या प्रेमिकांची संत, आणि तिचे स्थान अनिस मोन (इंग्रजीत अँगलसी) या बेटाच्या काठावर आहे. मोना हे त्याच बेटाचे रोमनांनी वापरलेले नाव. म्हणजे नाव बदलले, तरी मुलगी त्या बेटापासून दूर गेलेली नाही. हे ठरवून केले असेल की सहज झाले असेल, देव जाणे. मला मात्र ते लक्षात आल्यावर फार बरे वाटले.

गुरुवार

वर्गाला सुट्टी होती, म्हणून दुपार लेखिकेविषयी वाचण्यात घालवली. जन्म 1983 चा, गाव बँगोरजवळचे रिउलास. वडील स्टीव्ह ईव्ह्ज हे वेल्शमध्ये गाणारे गायक आणि कवी, बहीण लेउवेन हीही गायिका. मानोन आधी अभिनेत्री होत्या आणि 2005 व 2006 अशी लागोपाठ दोन वर्षे त्यांना राष्ट्रीय आयस्तेदवोदचे, म्हणजे वेल्श साहित्य-संगीताच्या वार्षिक उत्सवाचे, नाट्यलेखनाचे पदक मिळाले. मग 2008 पासून मुलांच्या कादंबऱ्या सुरू झाल्या. मुलांच्या पुस्तकांसाठी 1976 पासून दिले जाणारे तीर ना नोग पारितोषिक त्यांना अनेकदा मिळाले आहे. त्यातले एक 'फी आ जो ॲलन' या कादंबरीला 2019 साली, जिच्या मुळाशी वेल्सच्या संघाने गाजवलेली 2016 ची युरोपीय फुटबॉल स्पर्धा आहे. 'गोल्ग' या वेल्श साप्ताहिकात त्या अगदी छोट्या कथांचे सदर लिहीत आल्या आहेत.

आयस्तेदवोदमधली एक गोष्ट मला नेहमी मोहवते. स्पर्धेला साहित्य टोपणनावाने द्यायचे असते आणि निकालाच्या वेळी मंचावरून फक्त ते टोपणनाव पुकारले जाते. मग भरलेल्या सभागृहात कोणीतरी एक जण उभा राहतो आणि तेव्हाच लोकांना कळते की हा शेजारी बसलेला माणूसच लेखक आहे. 2018 साली हा उत्सव आमच्या कार्डिफच्या खाडीकाठी झाला आणि गद्य पदकासाठी मानोन उभ्या राहिल्या. पुस्तक तालबोन्त या खेड्यातल्या 'अ लोल्वा' प्रकाशनाने त्याच आठवड्यात बाजारात आणले. पुढच्या वर्षी वेल्समधल्या सर्वोत्कृष्ट पुस्तकाचा मान, ललित विभागाचा मान आणि वाचकांच्या पसंतीचा मान असे तिन्ही त्याच पुस्तकाने घेतले. नंतर इंग्रजी अवताराला 2023 चे कार्नेगी पदक, म्हणजे मुलांच्या व किशोरांच्या पुस्तकांसाठीचे ब्रिटनमधले मानाचे पदक, मिळाले. 1936 पासून दिल्या जाणाऱ्या या पदकाच्या इतिहासात अनुवादित पुस्तकाला ते पहिल्यांदाच मिळाले.

यात एक गंमत आहे. मूळ वेल्श पुस्तक मोठ्यांच्या कपाटात होते आणि इंग्रजीत आल्यावर ते किशोरांच्या कपाटात गेले. भाषेबरोबर त्याचे वयही बदलले.

पण दिवसभर डोक्यात वेगळेच घोळत होते. 2021 च्या जनगणनेत वेल्श येणारे सुमारे 5,38,000 लोक नोंदले गेले, म्हणजे शंभरात अठरा. त्यांतल्या बहुतेक सर्वांना, अगदी चिमुरडी सोडली तर, इंग्रजी येतेच. अशा ठिकाणी आपल्याच पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद करणे म्हणजे स्वतःच्या दुकानासमोर स्वतःच दुसरे, झगझगीत दुकान थाटणे आहे. लेकीला विचारले, वेल्श माध्यमाच्या शाळेत जातेस, मग इंग्रजी का घेतलेस? ती म्हणाली, "ते समोर ठेवलं होतं, वर पदकाचा शिक्का होता." तिच्या उत्तरात कसलाही दोष नव्हता, आणि म्हणूनच ते मला जास्त लागले.

उलट दिशेचा प्रवासही असाच अनाकलनीय. मुलांच्या लाडक्या लेखिका एमिली ह्यूज यांनी हॅरी पॉटरचा पहिला भाग वेल्शमध्ये आणला आणि तो 2003 साली प्रसिद्ध झाला. तो ज्यांच्यासाठी होता, त्यांना तो इंग्रजीत वाचता येतच होता. (तत्त्वज्ञाच्या दगडाला त्यांनी शब्दशः तत्त्वज्ञाचा दगडच म्हटले, मराठीत मात्र त्याचा परीस झाला, आणि मला अजूनही तोच शब्द सरस वाटतो.) तरीही अशी पुस्तके हवीत, असे मला वाटते, कारण मुलाला गोष्ट कळण्याचा प्रश्न नसतो, खेळाच्या मैदानावरची चेष्टामस्करी, भीती आणि जादू आपल्या भाषेत मावते, हे त्याला एकदा दिसावे लागते.

रविवार

आज हौस म्हणून पहिले पान मराठीत करायला घेतले आणि शीर्षकावरच अडकले. शोन आपल्या वहीला ते नाव जुन्या वेल्श हस्तलिखितांवरून देतो: कार्मार्थनचे काळे पुस्तक, हर्गेस्टचे लाल पुस्तक, आणि त्यांच्या पंगतीत ही शाळकरी निळी वही. 'नेबोची निळी वही' म्हटले तर मुलगा दिसतो, हस्तलिखिते जातात. 'नेबोची निळी पोथी' म्हटले तर हस्तलिखिते येतात आणि मुलगा सोवळ्यात बसतो.

शिवाय 'ग्लास' म्हणजे नुसते निळे नव्हे. गवताला वेल्शमध्ये 'ग्लास्वेल्ह्त' म्हणतात, म्हणजे जुन्या वेल्शच्या निळ्यात हिरवेही येते. आणि 'निळी पुस्तके' म्हटले की वेल्श माणसाला 1847 आठवते. वेल्श न येणाऱ्या तीन इंग्रज आयुक्तांनी इथल्या शाळांवर अहवाल लिहिला, त्यात या भाषेलाच अज्ञानाचे कारण ठरवले, आणि त्या निळ्या मुखपृष्ठाच्या खंडांचा उल्लेख इथे आजही 'निळ्या पुस्तकांचा विश्वासघात' असाच होतो. लेखिकेच्या मनात ते होते की नव्हते, हे पुस्तकात कुठे लिहिलेले नाही. पण एका वेल्श पोराने आपल्या हाताने आपल्या भाषेत भरलेल्या वहीचा रंग नेमका तोच असावा, याकडे मला कानाडोळा करता येत नाही.

इंग्रजीवरून अनुवाद करावा, तर आणखी एक अडचण येते. वेल्शमध्ये 'ती' आणि 'खी' असे आपल्या 'तू' आणि 'तुम्ही'सारखे दोन शब्द आहेत. इंग्रजीत दोन्हींचे एकच होते. म्हणजे इंग्रजीतून मराठीत येताना जे मुळात होते, तेच मला नव्याने शोधावे लागणार. म्हणून शब्दकोश पुन्हा मांडीवर.

संध्याकाळी लेकीला तीन ओळी वाचून दाखवल्या. तिने दोन क्रियापदे बदलली, मग मुलाच्या नावावर बोट ठेवले. मी 'शॉन' लिहिले होते. "तसं नाही म्हणत, ओ लांब आहे," ती म्हणाली, आणि माझ्या हातातली पेन्सिल घेऊन तिने अर्धचंद्र खोडला व काना-मात्रा नीट दिली. शोन. डिलनचे काय करायचे, हे तिला विचारायचे राहिले.