टोपीकरांचे डोळे

मंगळवारी दुपारी तीनच्या सुमाराला एक हमाल माझ्याकडे टक लावून बघायला लागला.

उंची २८ मिलिमीटर. तीही तळपायापासून डोळ्यांपर्यंत. खेळातली धातूची चिमुकली माणसं रंगवायच्या या छंदात माणूस बहुतेक जण डोळ्यांपर्यंतच मोजतात, त्यावरच्या टोप्या-फेट्यांचा भरवसा नाही म्हणून. डोक्यावर लाकडी खोकं, एक हात खोक्याच्या कडेला, गुडघ्यापर्यंत धोतर, पाय अनवाणी. पाकिटात सहा जण होते. प्राध्यापक, शिकारी, वार्ताहर, वैमानिक बाई, पिस्तूलवाला एक जण आणि सहावा हा. वेष्टणावर पाच जणांच्या नावांखाली त्यांचे गुण लिहिलेले, याच्यापुढे नुसतं ‘हमाल’. प्रायमरचा करडा हात नुकताच वाळला होता. सगळ्यांना सारखा करडा रंग दिला की कोण कोण आहे ते जास्तच कळतं, हा माझा अनुभव आहे. रंग चढले की लक्ष कपड्यांकडे जातं.

माझी पंचाईत अशी की मी डोळे रंगवत नाही.

आता हे सांगितलं की गुरुवारच्या आमच्या क्लबातले लोक हसतात. तिथे डोळ्यांवरून माणसाची जात ठरते. पांढरा ठिपका आधी की काळा आधी, बुब्बुळ मधोमध ठेवायचं की बाजूला, तीन शून्यांचा ब्रश की त्याहून बारीक पाच शून्यांचा, यावर चहाचे मग थंड होतात. मी एक युक्ती काढली आहे. मी टोपीवाले निवडते. पल्प, म्हणजे जुन्या स्वस्त मासिकांतल्या साहसकथांच्या खेळात हे फार सोपं जातं, कारण त्या काळातला प्रत्येक साहसी इसम टोपी घालूनच साहस करी. फेडोरा, सोला हॅट, वैमानिकाचा चामडी टोप आणि त्याच्यावर चष्मा. काठाखाली तपकिरी शाईचा पातळ हात सोडला की सावली पडते, सावलीत डोळे आहेत असं बघणारा आपलं आपणच समजून घेतो. माझ्या कपाटात असे साठ-सत्तर टोपीकर आहेत. एकालाही डोळा नाही. सगळे बेधडक मंदिरात घुसतात.

या हमालाला टोपी नाही. डोक्यावर ओझं तोलायचं म्हणजे मान ताठ, चेहरा उघडा, नजर समोर. खोक्याची सावली पाडावी म्हटलं तर खोकं मागच्या बाजूला कललेलं. घडवणाऱ्यानं दोन्ही पापण्या अशा कोरल्यात की पळवाटच नाही.

हे वेड मूळ माझं नव्हे, लेकाचं. आम्ही इंग्लंडात नॉटिंगहॅमला राहायला आलो तेव्हा तो बारा वर्षांचा. या गावाची गंमत म्हणजे आपल्याकडे जशी तांबटांची आळी असते तशी इथे चिमुकल्या माणसांच्या ओतार्‍यांची वस्ती आहे. ‘वॉरहॅमर’ हा चिमुकल्या शिपायांचा खेळ काढणार्‍या कंपनीचं मुख्य ठाणं इथेच, लेंटन भागात. त्यांच्याकडे शिकून बाहेर पडलेल्यांनी आसपास आपापल्या भट्ट्या लावल्या. या पट्ट्याला लोक ‘शिशाचा पट्टा’ म्हणतात. शिसं आता कथलाच्या मिश्रधातूत बहुतेक नसतंच, पण नाव चिकटलं ते चिकटलं. घरात न रंगवता पडलेल्या ढिगालाही ‘शिशाचा डोंगर’च म्हणतात. लेकानं दोन वर्षांत असा एक छोटा डोंगर उभा केला, चौदाव्या वर्षी गिटार घेतली आणि डोंगर माझ्या शिवणाच्या कपाटात आला. फेकून द्यायला जीव होईना. एका रविवारी नुसतं बघावं म्हणून एक रंगवला. आता लेक सव्वीस वर्षांचा आहे आणि मला वाढदिवसाला ब्रश पाठवतो.

एच. जी. वेल्सनं १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ लिहिलं, जमिनीवर खेळण्यातले शिपाई मांडून कसं लढायचं त्याचे नियम. हा खेळ बारा ते दीडशे वर्षांच्या मुलग्यांसाठी आहे, आणि मुलग्यांचे खेळ नि पुस्तकं आवडणार्‍या जरा जास्त हुशार मुलींसाठीही, असं त्यानं शीर्षकातच घालून ठेवलंय. क्लबातल्या एका म्हातार्‍यानं मला पहिल्याच गुरुवारी ते वाचून दाखवलं. मी म्हटलं, आभारी आहे, पण आमच्या वाड्यात जास्त हुशार मुलींना अळीव पेरायला बसवायचे.

वाडा पुण्यातला, शनिवारवाड्यापासून चालत दहा मिनिटांवर. दिवाळीच्या सुट्टीतल्या किल्ल्याचं मुख्य काम दादाकडे आणि त्याच्या दोन मित्रांकडे. विटा, फुटकी कौलं, त्यावर गोणपाट, त्यावर चिखलाचा सडा. ताटलीचं तळं. दवाखान्यातून आणलेल्या सलाईनच्या नळीचं कारंजं, ते चोवीस तासांत पाच मिनिटं चाले आणि त्या पाच मिनिटांत नेमके पाहुणे कधीच येत नसत. माझ्याकडे अळीव. सांगितलेल्या उतारावर शिंपडायचे आणि चिखल वाळू द्यायचा नाही, एवढंच. उगवले की ‘जंगल झालं’ असं दादा जाहीर करी, जणू त्यानंच उगवलं.

पण चित्रं आणायला मात्र तो मला बरोबर नेई, कारण घासाघीस मी करत असे. बाकीच्या महाराष्ट्रात काय म्हणतात ठाऊक नाही, आम्ही किल्ल्यावरच्या मातीच्या बाहुल्यांना चित्रंच म्हणायचो. मी अजूनही या धातूच्या मंडळींना मनात चित्रंच म्हणते. कुंभारवेशीत रस्त्याच्या कडेला गोणपाटांवर रांगा लागलेल्या असत. मावळे, तोफा, तुतारीवाला, गवळण, भाजीवाली, वासुदेव, वाघ. काही रंगवून तयार, काही नुसते गेरूत बुचकळलेले. आणि एक बाई मागे मांडी घालून डोळे काढत बसलेल्या.

हे मला अगदी जवळून दिसायचं. समोर फळीवर पन्नासेक मावळे ओळीनं उभे, फेटे लाल, अंगरखे पांढरे, मिश्या झालेल्या. अॅल्युमिनियमच्या वाटीत काळा रंग. हातात ब्रश नाही, खराट्यातला एक हीर, टोक ठेचून जरासं मऊ केलेलं. हीर वाटीत, मग टक, टक. पुढचा. टक, टक. दोन डोळ्यांना दोन टिंबं, पांढरं वगैरे काही नाही, आणि मावळा जागा व्हायचा. बाई हे करताना बघायच्या गिर्‍हाइकाकडे. ‘तोफेला जोडी घ्या की, एकटी तोफ काय करतीय,’ असं म्हणेपर्यंत चार मावळ्यांना दृष्टी आलेली असे.

मी तीन शून्यांचा, कोलिन्स्की केसांचा ब्रश घेऊन, कपाळावर भिंगाचा पट्टा बांधून, श्वास रोखून बसते आणि माझ्याच्यानं एक टिंब होत नाही.

एका वर्षी एक मावळा निघाला तिरळा. बोलता बोलता बाईंचा हात हलला असणार. एक टिंब जागेवर, दुसरं नाकाच्या कडेला. त्यांनी तो उचलून बाजूला टाकला होता. मी तो निम्म्या किमतीत मागितला. बाई म्हणाल्या, ‘असाच ने.’ दादा वाटभर कुरकुरत होता, फुकटचं चित्र किल्ल्याला शोभत नाही म्हणून. घरी आल्यावर त्यानं बराच विचार केला आणि त्या मावळ्याला किल्ल्याच्या मागच्या दरवाजावर उभा केला, भिंतीच्या बाजूला, जिथे पाहुण्यांची नजर जात नाही. म्हणाला, ‘इथे तिरळाच बरा. दोन्हीकडे लक्ष ठेवील.’

मापाचं मात्र आमच्याकडे कुणाला काही नव्हतं. महाराज सिंहासनावर बसलेले असूनही बुरुजापेक्षा उंच. महादरवाजातून एकही मावळा आत शिरू शकला नसता. वाघ गाईएवढा, गाय हत्तीएवढी. पायथ्याच्या रस्त्यावर दादाची चावीची अँब्युलन्स, कारण रस्ता आहे तर काहीतरी हवं. क्लबात २८ मिलिमीटरचा माणूस ३२ च्या शेजारी उभा केला तर लोक दातात खडा आल्यासारखं तोंड करतात. मला ते अँब्युलन्सचं सांगायचंच असतं, पण इंग्रजीत त्याची मजा जाते.

आणि खरं बघता पल्प म्हणजे तेच की. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त, दोन वर्षांत पिवळा पडणारा कागद, त्यावर छापलेली १९२०-३० च्या दशकांतली अमेरिकन मासिकं. त्या कथांत भुयार आहे, वाघ आहे, विमान आहे, शापित मूर्ती आहे, शिकागोचा गुंड टॉमी गन घेऊन तिबेटात आहे, आणि हा इथे कसा असं विचारायचं नाही. रस्ता आहे तर काहीतरी हवं. मोठ्या लढायांच्या खेळात शेकडो शिपाई लागतात, इथे प्रत्येकाची पाच-सात जणांची टोळी पुरते. म्हणून मला हे परवडतं. वेळानं, डोळ्यांनी आणि पैशांनीही.

पैशांवरून आठवलं. चित्रांच्या पायाखाली चकती लागते. लाकडाच्या भुशाच्या तयार चकत्या मिळतात, पण इथले जुने खेळाडू सरळ दोन पेन्सचं नाणं वापरतात. व्यास २५.९ मिलिमीटर, वजन चांगलं, चित्र कलंडत नाही. शिवाय १९९२ च्या सप्टेंबरपासूनची ही नाणी बहुतेक पोलादाची आहेत, वर तांब्याचा नुसता मुलामा. डब्याच्या तळाशी चुंबकाचा कागद घातला की माणसं जागच्या जागी उभी. दोन पेन्समध्ये याहून स्वस्त चकती मिळणार नाही, हे गणित ऐकून सदाशिव पेठेतल्या माझ्या मावशीचा ऊर भरून आला होता.

तर हमालालाही नाणं लागलं. टोपीकरांना मी नेहमी राणी खाली ठेवून चिकटवते, का कोण जाणे, माणसाच्या तोंडावर डिंक ओतणं बरं वाटत नाही. याच्या वेळी नाणं उलटं पडलं. म्हणजे राणी वर. मी ते तसंच ठेवलं आणि अनवाणी पाय चिकटवून टाकले. वरून वाळू पसरली. आता कुणाला दिसत नाही. पडलं होतं तसं, असं मी म्हणेन. तसं ते पडलं नव्हतं.

रंगाला वेळ लागला. ‘फ्लेश’ असं लिहिलेली माझ्याकडची बाटली गुलाबीसर आहे. लहानपणी खडूच्या पेटीतल्या त्याच खडूला आम्ही ‘स्किन कलर’ म्हणायचो आणि वर्गातली चाळीस सावळी पोरं आपापल्या कुटुंबाची चित्रं त्यानं गुलाबी रंगवत बसायची, कुणालाही काही वाटायचं नाही. मी तपकिरी घेतला, त्यात पिवळी माती, कणभर लाल. दंडाला एक, मनगटाला एक जास्त गडद. बाबांचा हात असा दोन रंगांचा होता, अर्ध्या बाहीच्या वर आणि खाली. धोतराला मळका पांढरा. फेट्याची चुंबळ कुठल्या प्रांतातली ते काही ओळखेना. ना तिला शेमला, ना कोल्हापुरी पीळ. घडवणार्‍यानं हिरव्या पुट्टीची एक गोल वळी थापून दिली होती. मी तिला गेरूचा रंग दिला. कानापासून पायापर्यंत साच्याची रेघ राहिली होती ती कानशीनं घासली. मावळ्यांनाही ती असायची, दोन अर्धुकं जोडल्याची. त्यांची कुणी घासत नसे.

राहता राहिले डोळे. तीनदा केले, तीनदा पुसले. पहिल्यांदा घाबरलेला दिसला, दुसर्‍यांदा वेडा. तिसर्‍यांदा डोळे बरोबर आले आणि त्यात त्याची ती खोकं वाहतानाची नजर अशी काही झाली की मला ते खोकं उतरवून ठेवावंसं वाटलं. खोकं त्याच्या डोक्याशी एकत्रच ओतलेलं आहे. ते उतरत नाही. तेही पुसलं.

मग उठून स्वयंपाकघरात गेले. खराटा या घरात नाही, गालिच्यावर त्याचं काय काम. बांबूची टोकदार काडी होती, ग्रिलवर पनीर लावायची. टोक दाताखाली ठेचलं. काळा रंग झाकणात ओतला. रेडिओ लावला, खिडकीबाहेर शेजारचे आजोबा पावसात कचर्‍याची पेटी ओढत होते त्यांच्याकडे बघितलं आणि टक, टक.

एक जागेवर. दुसरं नाकाच्या कडेला.

फोटो काढून दादाला पाठवला. पुण्यात रात्रीचे साडेनऊ वाजले असतील, जेवून शतपावलीला बाहेर पडायची त्याची वेळ. बराच वेळ दोन निळ्या खुणा नुसत्या दिसत राहिल्या. मग आलं: ‘मागच्या दरवाजाला ठेव.’