वीस टक्के मनगट

माझे मामा सुतार आहेत. वयाच्या 38व्या वर्षी टेम्पोच्या धडकेत त्यांचे उजवे मनगट मोडले. प्लेट बसली, हाडही जुळले. परंतु तळहात उताणा करण्याची हालचाल परत आली नाही. प्रमाणपत्रावर उजव्या हाताचे 40 टक्के कायम अपंगत्व लिहिले गेले. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने संपूर्ण शरीराच्या हिशेबाने ते निम्मे धरले आणि कमाईचे नुकसानही तेवढेच मानले. दरमहा 12,000 रुपये उत्पन्न, वयानुसार ठरणारा 15चा गुणक आणि 20 टक्के, असे मिळून 4,32,000 रुपये मंजूर झाले.

'मिळाले ते पदरात पाडून घ्या,' असे मामींचे म्हणणे होते आणि इतकी वर्षे तारखा सोसलेल्या माणसाचे ते चूकही नव्हते. मला मात्र तो हिशेब पटेना, कारण रंधा चालवताना मागची मूठ उजव्याच हातात असते आणि पेच पिळायचा तर मनगटच फिरावे लागते.

सर्वोच्च न्यायालयाने 2010 सालीच स्पष्ट केले आहे की अवयवाचे अपंगत्व, संपूर्ण शरीराचे अपंगत्व आणि कमाईच्या क्षमतेची हानी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. डावा हात गमावलेला वाहनचालक किंवा सुतार जवळजवळ संपूर्ण कमाई गमावू शकतो, तर सरकारी कारकुनाची नोकरी टिकूही शकते, हे उदाहरण त्याच निकालातले. योगायोगाने तिथेही सुतारच.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 173 प्रमाणे अपिलाला 90 दिवसांची मुदत असते. ती साधून आम्ही उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेलो. खरी अडचण जुन्या कागदांत होती. अपिलात नवा पुरावा सहसा घेतला जात नाही, आणि आमच्या वकिलांनी डॉक्टरांच्या साक्षीत टक्केवारी वदवून घेतली होती, पण 'या हाताने सुतारकाम होईल का?' हा साधा प्रश्नच विचारला नव्हता. उलटतपासणीत विमा कंपनीच्या वकिलांनी मात्र 'आजही दुकानात बसता ना?' असे विचारले आणि मामांनी सरळपणे 'बसतो' म्हणून सांगितले. ते एक क्रियापद आम्हाला फार महागात पडले. सुदैवाने पुढच्याच ओळीत 'काम पोरगा करतो, मी मापे सांगतो' हेही नोंदले गेले होते, आणि नव्या वकिलांनी आपला युक्तिवाद त्या ओळीवर उभा केला.

दुसरा मुद्दा सोपा होता. 2017च्या घटनापीठाच्या निकालानुसार चाळिशीच्या आतील स्वयंरोजगारी व्यक्तीच्या उत्पन्नात भविष्यातील वाढीपोटी 40 टक्के मिळवायला हवे होते. न्यायाधिकरणाने ते मिळवलेच नव्हते. उच्च न्यायालयाने ते मिळवले, कमाईची हानी 50 टक्के धरली, आणि या एका सदराखालची रक्कम 15,12,000 रुपये झाली. मी 60 टक्क्यांची आशा धरून होतो. मामांनी आकडा ऐकला आणि पहिल्यांदा विचारले ते व्याज कोणत्या तारखेपासून धरणार.