पेपर संपल्यानंतरचे दिवस

रविवारी दुपारी चार वाजता चौथ्या पेपरची उत्तरपत्रिका पर्यवेक्षकांच्या हाती दिली, तेव्हा अंगठ्याला आणि तर्जनीला पेनाचा खोल वळ पडला होता आणि दोन दिवसांत मिळून अकरा तास लिहून झाले होते. सुटलो एकदाचे, असे त्या क्षणी वाटेल, अशी सहा महिने मी कल्पना करत आलो होतो. प्रत्यक्षात वाशीच्या त्या महाविद्यालयाचा जिना उतरताना मनात एकच गोष्ट घोळत होती, ती म्हणजे आदल्या दिवशीच्या दुसऱ्या पेपरातले बॉयलरच्या कार्यक्षमतेचे, म्हणजे इंधनातली किती उष्णता वाफेत उतरते याचे, गणित.

ही परीक्षा ऊर्जा व्यवस्थापक आणि ऊर्जा लेखापरीक्षक यांच्या राष्ट्रीय प्रमाणपत्राची. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यानुसार स्थापन झालेल्या ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीच्या, म्हणजे बीईईच्या, वतीने राष्ट्रीय उत्पादकता परिषद ती घेत असे. पहिले तीन पेपर दीडशे गुणांचे आणि प्रत्येकी तीन तासांचे, तर चौथा शंभर गुणांचा, दोन तासांचा आणि पुस्तके उघडून लिहिण्याचा होता. प्रत्येक पेपरात स्वतंत्रपणे निम्मे गुण मिळवावे लागतात. एका पेपरातले जादा गुण दुसऱ्याच्या मदतीला येत नाहीत. मी रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका रासायनिक कारखान्यात युटिलिटी विभाग, म्हणजे कारखान्याला वाफ, थंड पाणी आणि दाबाची हवा पुरवणारा विभाग, सांभाळतो. बॉयलर, चिलर, कॉम्प्रेसर, कूलिंग टॉवर हेच माझे रोजचे काम असल्याने ही परीक्षा आपल्याला जड जाणार नाही, असे अर्ज भरताना मला मनापासून वाटले होते.

अभ्यासाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. पहाटे साडेचार ते साडेसहा ही एकच वेळ हाती होती, कारण पाळीवरून परतल्यावर डोळे मिटत आणि मुलाच्या दहावीमुळे घरात संध्याकाळी दुसऱ्या वहीला जागा नसे. चार मार्गदर्शक पुस्तके दोनदा वाचून झाली आणि जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून झाल्या. माझ्याप्रमाणेच नोकरी सांभाळून परीक्षा देणारे बहुतेक जण याच वाटेने जातात.

परीक्षेनंतरचे दिवस मात्र सविस्तर लिहावेत असे वाटते, कारण त्यांची पूर्वकल्पना मला कोणी दिली नव्हती.

महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीपाशी आम्ही सात-आठ जण थांबलो. कोणी अंबरनाथहून आलेला, कोणी तळोज्याचा, एक तरुण डोंबिवलीचा. दोन दिवसांपूर्वीपर्यंत आम्ही एकमेकांना ओळखतही नव्हतो, पण दोन दिवस एकाच वर्गात बसल्यामुळे जुनी ओळख असल्यासारखे बोलू लागलो. पहिल्या पाच मिनिटांतच कोणीतरी विचारले, “बॉयलरच्या गणिताला किती आले?” एकाने ८३ टक्के सांगितले, दुसऱ्याने ८२.६, तिसऱ्याने ८३.४. मी गप्प राहिलो. माझे उत्तर नव्वदला टेकले होते.

डोंबिवलीचा तो तरुण मात्र सगळ्यांची उत्तरे हॉल तिकिटाच्या मागे लिहून घेत होता. त्याचे आणि इतरांचे उत्तर जुळले नाही की तो पेन थांबवून तोंडातल्या तोंडात सूत्र म्हणत असे. त्याच्याकडे पाहताना मला जाणवले की आपणही हेच करत आहोत, फक्त कागदावर नाही. तेवढ्यात अंबरनाथचे गृहस्थ, ज्यांची ही दुसरी खेप होती, ते त्याला म्हणाले, “अरे, आता कोण काय लिहून आलं ते बदलणार आहे का? चहा निवतोय तुझा.” तरुणाने मान डोलावली आणि लिहिणे चालूच ठेवले.

रविवार असल्यामुळे वाशीहून ठाण्याकडे येणाऱ्या गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली. तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली गेले आणि रबाळ्याला आमच्या वसाहतीतली धुराडी दिसली, तेव्हा चूक लक्षात आली. इंधनातल्या हायड्रोजनमुळे होणारी उष्णतेची हानी काढताना हायड्रोजनच्या प्रमाणाला नऊने गुणावे लागते, कारण एक किलो हायड्रोजन जळला की नऊ किलो पाणी तयार होते आणि त्या पाण्याची वाफ होऊन ती चिमणीतून निघून जाते. मी ते नऊ लिहायला विसरलो होतो. फर्नेस ऑइल या इंधनातला १२ टक्के हायड्रोजन, १०,२०० किलोकॅलरी उष्मांक, २२० अंशांचा धूर आणि २७ अंशांची हवा, हे सगळे आकडे मला गाडीत तोंडपाठ आठवत होते. मोबाइलवर हिशेब केला, तर ही एकच हानी ७.१ टक्के यायला हवी होती आणि मी ०.८ टक्के धरली होती. ज्या बॉयलरसमोर मी चौदा वर्षे उभा आहे, तो फर्नेस ऑइलवर आणि एकूण उष्मांकाच्या (धुरातल्या वाफेची उष्णताही धरून केलेल्या) हिशेबाने नव्वद टक्के देणार नाही, हे तिथल्या मदतनिसालाही ठाऊक आहे. परीक्षेच्या खोलीत ते उत्तर लिहून मी त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.

ठाण्याला दहा नंबरवर उतरलो तरी पाय घराकडे वळेनात. तलावपाळीला एक फेरी मारली. घरी गेल्यावर मुलाने विचारले, “बाबा, सोपा होता का?” पत्नीने माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्याला थांबवले आणि “आधी जेवून घे” एवढेच म्हणाली. तिचे ते न विचारणे मला त्या रात्री फार मोलाचे वाटले.

पुढचे तीन आठवडे वाईट गेले, हे मी आडपडदा न ठेवता लिहितो. रात्री दोनच्या सुमारास जाग येई आणि एखादा नवा प्रश्न डोळ्यांसमोर उभा राही. कधी वाटे की आपण एखादा प्रश्न सोडूनच दिला, कधी वाटे की आसन क्रमांक चुकीचा लिहिला. मी मनातल्या मनात दुसऱ्या पेपरचे गुण जोडत असे आणि ते प्रत्येक वेळी पंचाहत्तरच्या खालीच येत. एका पहाटे उठून कागद घेऊन बसलो आणि त्या पेपरातले आठवतील तेवढे प्रश्न लिहून काढले. वस्तुनिष्ठ पन्नास प्रश्नांपैकी मला फक्त अकरा आठवले, आणि ते अकराच्या अकरा मला अडलेले किंवा शंका आलेले होते. उरलेले एकोणचाळीस मी वाचले, उत्तर केले आणि पुढे गेलो. ते हातून इतके सहज गेले की मनाने त्यांची नोंदच ठेवली नाही. म्हणजे रात्री दोन वाजता मी ज्याची बेरीज करत होतो, तो माझा पेपर नव्हताच, तो फक्त त्यातल्या अडचणींचा ढीग होता. हे कळल्यावर झोप लगेच लागू लागली असे नाही, पण गुण जोडणे मी थांबवले.

कारखान्यात कोणाला सांगावे, हाही प्रश्नच होता. आमच्या बॉयलरवर एक ज्येष्ठ अटेंडंट आहेत, त्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो. पेपर कसा गेला असे त्यांनी विचारले तेव्हा मी त्यांना नऊचा किस्सा खरा खरा सांगितला. ते थोडा वेळ पाण्याच्या पातळीच्या काचेकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “साहेब, ब्लोडाऊनचा व्हॉल्व्ह उघडा राहिला असता तर मी काळजी केली असती. हे तर कागदावर आहे.” ब्लोडाऊनच्या व्हॉल्व्हमधून बॉयलरमधले पाणी बाहेर सोडतात. त्यांच्या बोलण्यात सांत्वनाचा सूर नव्हता, त्यांना खरोखरच तसे वाटत होते, म्हणून ते मला पटले.

निकाल लागला तेव्हा मी दुसरा पेपर राहिला का, हेच आधी पाहिले. दुसरा पेपर सुटला होता, म्हणजे त्यात मी उत्तीर्ण झालो होतो. पहिला आणि चौथाही सुटला होता. राहिला होता तो तिसरा, पंप, कूलिंग टॉवर अशा विजेवर चालणाऱ्या यंत्रणांचा, ज्याबद्दल मला तीन आठवड्यांत एकाही रात्री जाग आली नव्हती आणि जो मी वेळेच्या वीस मिनिटे आधी देऊन बाहेर पडलो होतो.

काही महिन्यांनी त्या पेपरची नमुना उत्तरे पाहायला मिळाली. पंपाच्या प्रश्नात मोटरला लागणारी वीज विचारली होती आणि मी पंपाच्या दांड्यावरची शक्ती काढून तिथेच थांबलो होतो. मोटरच्या कार्यक्षमतेने भागण्याची पायरी राहूनच गेली होती. कूलिंग टॉवरच्या प्रश्नात ओल्या तापमापीचे तापमान दिले होते आणि मी कोरड्याचे घेतले होते. दोन्ही प्रश्न मला तेव्हा इतके सोपे वाटले होते की मी ते पुन्हा वाचले नव्हते. आठवणीत न राहिलेले सगळेच बरोबर असते, असा जो निष्कर्ष मी त्या पहाटे काढला होता, तोही अर्धाच खरा ठरला.

पुढच्या वेळी त्या एका पेपरासाठी पुन्हा अर्ज केला. पूर्ण तीन तास बसलो, प्रत्येक आकडेमोडीच्या प्रश्नात काय विचारले आहे त्याखाली आधी रेघ मारली आणि मगच सूत्र लिहिले. बाहेर आलो तेव्हा फाटकापाशी पुन्हा तसाच घोळका जमला होता. एक मुलगी मला म्हणाली, “सर, कॉम्प्रेसरच्या गणिताला तुमचे किती आले?” मी तिला माझे उत्तर सांगितले, ते तिच्याशी जुळले नाही, आणि तिचा चेहरा पडलेला पाहून मी तिला विचारले की हवेच्या टाकीच्या आकारमानात जोडनळीचे आकारमान धरले होते का. तिने धरले होते. मी धरले नव्हते. तिचेच उत्तर बरोबर होते. तिला तसे सांगितले, तेव्हा ती हसली आणि घाईघाईने घरी फोन लावू लागली.

मी वाशीच्या स्थानकाकडे चालू लागलो. त्या रात्री मी नऊ वाजताच झोपलो. दोन महिन्यांनी निकाल आला आणि तिसरा पेपर सुटला.