डिग्रजला भुईमुगाचे वाण बघायला जाताय? हे वाचून जा

मागच्या खरिपात आम्ही कराडकडची मंडळी गाडी करून कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रावर जाऊन आलो. पेठ नाका, इस्लामपूर, आष्टा करत सांगली रोडनं यायचं, सांगलीच्या थोडं अलीकडंच डिग्रज लागतं. आधी फोन करून वेळ घ्या, शिवारात कुणीतरी समजावणारं सोबत पाहिजे.

जायचं तर ऑगस्टअखेर नाहीतर सप्टेंबरात, पीक ७०-८० दिवसांचं झालं की टिक्का नि तांबेरा हे पानांवरचे बुरशीचे रोग जोरात असतात, लवकर गेलात तर सगळेच वाण हिरवेगार, काय कळणार! मला सगळ्यात आवडली ती रोगाची परीक्षा. मधेमधे मुद्दाम रोगाला लवकर बळी पडणारा वाण पेरतात म्हणजे रोग सगळीकडं सारखा पसरतो आणि नुसत्या नशिबानं कुणी वाचत नाही, मग १ ते ९ गुण देतात, आणि इथं ९ म्हणजे सगळ्यात वाईट बरं का.

संकर, म्हणजे दोन वाणांचं मीलन करून नवा वाण काढणं, बघायचं असेल तर मात्र जुलैत, फुलोऱ्यात जा. भुईमुगाचं फूल उमलता उमलताच स्वतःच्याच परागानं फळतं, म्हणून आदल्या संध्याकाळी कळी उघडून चिमट्यानं पुंकेसर काढायचे आणि सकाळी दुसऱ्या वाणाचा पराग लावायचा, एकेक फूल हातानं! पुढं पाच-सहा पिढ्या निवड, मग चाचण्या, आठ-दहा वर्षं सहज जातात. धारवाडच्या जीपीबीडी ४ या भुईमुगाच्या वाणातली तांबेरा-टिक्क्याला तोंड द्यायची ताकद तर दक्षिण अमेरिकेतल्या रानटी भुईमुगाकडनं आलीय. पण रानटी जातीकडनं बारीक शेंग, जाड टरफल असलं पण येतं, ते काढत बसणं हेच खरं काम.

माझं मत विचाराल तर झाड उपटून नुसत्या शेंगा मोजू नका, खालची पानं टिकलीत का बघा. पानं गळाली तर दाणा भरत नाही आणि जनावरांचा पाला पण हातचा जातो, आपल्याकडं पाल्यालाच किती किंमत आहे!

आपल्या रानातलं रोगट झाड दाखवायचं असेल तर पिशवीत घट्ट बांधून ऑफिसातच दाखवा, प्लॉटमधे नेऊ नका. बियाण्याची चौकशी मे महिन्यातच करा. पहिल्या वर्षी नवा वाण एक-दोन गुंठेच लावा, शेजारी आपला नेहमीचा वाण, आणि दोन्हीचा थोडा तुकडा बिनफवारणीचा ठेवा. भुईमुगाचा हा सरळ वाण आहे, म्हणजे हायब्रीड नाही, पटला तर घरचंच बी धरता येतं.