काँक्रीट व्हायच्या आधी

काँक्रीटमुळे प्रदूषण होतं म्हटलं की लोकांना बांधकामाची धूळ आठवते, पण खरं नुकसान त्याच्या कितीतरी आधी, खाणीत, भट्टीत आणि नदीत होऊन गेलेलं असतं.

काँक्रीटमधलं सिमेंट ज्या दगडापासून बनतं त्या चुनखडीच्या तुकड्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाकून बघा, बारीक बारीक बुडबुडे येतात. तो कार्बन डायऑक्साइड, कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रातल्या जिवांनी आपल्या शिंपल्यांत बांधून ठेवलेला. सिमेंटच्या भट्टीत तोच बाहेर पडतो, फक्त तिथे आम्लाऐवजी उष्णता असते. तापमान १४५० डिग्रीपर्यंत जातं, त्यातून क्लिंकर बनतं, म्हणजे जे दळून सिमेंट करतात ते कडक गोळे, आणि १०० किलो शुद्ध चुनखडीतले ४४ किलो नुसते हवेत जातात. कोळसा बंद करून भट्टी सोलरवर चालवली तरी हा गॅस निघणारच कारण तो इंधनाचा नाहीच, दगडाचा आहे! सिमेंटच्या उत्सर्जनात निम्म्याहून जास्त वाटा याचाच असतो, आणि जगात वर्षाला ४०० कोटी टनांच्या आसपास सिमेंट बनतं, म्हणजे विचार करा.

बरं, काँक्रीटमध्ये वजनाने सिमेंट जेमतेम १०-१५ टक्के, बाकी बहुतेक खडी आणि वाळू. खडीसाठी डोंगर फोडतात आणि क्रशरवरच्या कामगारांच्या छातीत सिलिकाची धूळ बसते, सिलिकोसिस एकदा झाला की बरा होत नाही. वाळूचं मला जास्त वाईट वाटतं. वाळवंटात एवढी पडलीये ती का नाही वापरत, असं सगळे विचारतात, पण भिंगाखाली बघितलं तर तिचे कण वाऱ्याने घासून घासून गोल गुळगुळीत झालेले आणि फार बारीक असतात, नदीच्या वाळूला कसे कोपरे असतात, ते एकमेकांत अडकतात. म्हणून नदीच उपसली जाते. मग पात्र खोल जातं, त्याबरोबर काठच्या विहिरींचं पाणी खाली जातं, पुलांचे पाये उघडे पडतात. दगड भरडून केलेली वाळू चालते, पण त्यासाठी पुन्हा डोंगरच फोडायचा.

त्यातल्या त्यात क्लिंकर कमी करणं आपल्या हातात आहे. त्याच्या जागी सिमेंटमध्ये काही प्रमाणात फ्लाय अॅश (औष्णिक वीजकेंद्रातली कोळशाची राख), स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी), नाहीतर भाजलेली चिकणमाती घालता येते. माती ७००-८०० डिग्रीला भाजली की काम होतं, आणि तिच्यातून बाहेर पडते ती फक्त पाण्याची वाफ. बांधकाम काढणार असाल तर इंजिनिअरला एवढं नक्की विचारा, सिमेंट कुठलं घेताय आणि त्यात क्लिंकर किती.