झेरॉक्सच्या दुकानात राहून गेलेले आधार

आईच्या पेन्शनच्या कामासाठी आधार कार्डाची प्रत काढायला मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो होतो. फाइल दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर पाठवली आणि प्रिंट हातात पडली, तेव्हा समोरच्या पडद्यावर डाउनलोड्सचा फोल्डर उघडाच होता. त्यात अनोळखी माणसांची आधार कार्डे, पॅन कार्डे आणि पासबुकाची पाने ओळीने दिसत होती. मन अस्वस्थ झाले. मी विनंती केल्यावर त्यांनी आईची फाइल आधी फोल्डरमधून, मग रिसायकल बिनमधून आणि शेवटी व्हॉट्सॲपवरूनही काढून टाकली.

ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो हे खरे, पण तो नावाची पहिली ४ इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष मिळून बनतो, म्हणजे ओळखीच्या कुणालाही सहज जुळवता येईल असा. म्हणून आता मी यूआयडीएआय या आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावरून मास्क्ड आधार उतरवून घेतो. त्यात १२ अंकांपैकी शेवटचे ४ अंकच दिसतात आणि नुसती ओळख पटवायची असेल तर माझ्या मते तेवढे पुरेसे असायला हवे. आधारमधले आईचे बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे, तेही लॉक केले आहे. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बोटाचा ठसा द्यायचा झाला, तर ते तेवढ्यापुरते उघडावे लागेल.